रजा ही मेहेरबानी नव्हे, जखम हें नशीब नव्हे

(म्युनिसिपालिटीचे कामगार व त्यांच्या घरचीं माणसें यांच्या सभेंत केलेलें भाषण)



या सभेला नुसत्या कामगारांना न बोलावतां त्यांच्या घरच्या मंडळींनाही मुद्दाम बोलावलें आहे. त्याचें कारण आधीं सांगतों. म्युनिसिपालिटींत झाडू मारणारा, गटार उपसणारा, पाण्याचा नळ जोडणारा हा माणूस कोण? कोणा शेतकऱ्याचा धाकटा मुलगा, कोणा सुताराचा जांवई, कोणा कोष्ट्याचा पुतण्या. आणि झाडूखात्यांत तर ज्यांना या समाजानें अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवलें त्यांच्याच पिढ्यान् पिढ्या राबत आल्या. त्याला मार लागला तर रक्त शहरांत सांडतें आणि उपास गांवांत पडतो. शिवाय माणूस दवाखान्यांत बेशुद्ध पडला असतां त्याला ठाऊक असलेले नियम त्याच्या कामाला येत नाहींत. ते त्याच्या बायकोला, बापाला, भावाला ठाऊक असले तरच कामाला येतात. म्हणून रजा आणि नुकसानभरपाई या दोन गोष्टी मी आज सर्वांपुढें मांडणार आहें.

आपल्या जुन्या गांवगाड्यांत बलुतेदाराला रजा नव्हती. तो तापानें फणफणला तर बायकोनें काम करावें, ती बाळंत झाली तर पोरानें करावें. काम माणसाकडे नसून घराण्याकडे असे, आणि घराणें कधीं आजारी पडत नाहीं असा गांवाचा समज! कामावर एखाद्याचा हात मोडला तर पाटील हळहळे, आणि भटजी सांगत कीं हें मागल्या जन्मींचें फळ. हळहळण्यानें कणगींत दाणे पडत नाहींत, आणि मागल्या जन्माचा हिशेब कोणी पाहिलेला नाहीं. पण ही शिकवण आपल्या हाडींमाशीं इतकी मुरली आहे कीं आज शहरांत पगारावर काम करणारा माणूसही रजा मागतांना भीक मागितल्यासारखा उभा राहतो, आणि पाय मोडला तर "माझेंच भोग" म्हणून गप्प बसतो.

हें भोगाचें पुराण प्रथम कोणी झिडकारलें? महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. १८८४ सालच्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवली आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढें ठेवला. त्या अर्जांत काय होतें तें नीट ऐका. आठवड्यांतून एक दिवस सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, कामाच्या वेळेला हद्द, पगार ठरल्या मुदतींत. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय. सुट्टी आणि नुकसानभरपाई या दोन मागण्या लोखंड्यांनीं एकाच कागदावर लिहिल्या. कारण दोहोंच्या मुळाशीं एकच विचार आहे. मालक कामगाराकडून काम विकत घेतो. त्याचें शरीर विकत घेत नाहीं. शरीराला विसांवा हवा, आणि कामापायीं तें मोडलें तर त्याची भरपाई ज्यानें काम करून घेतलें त्यानें करावी.

साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य व्हायला सहा वर्षें लागलीं. १८९० सालच्या एप्रिलांत मुंबईस दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी कबूल केली. पण त्याच १८९० सालीं आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाहीं. आदल्या वर्षीं मुंबईच्या झाडूवाल्यांनीं व हलालखोरांनीं संप केला होता. त्यावर सरकारनें म्युनिसिपल नोकरांचा कायदा केला, आणि झाडूखात्यांतल्या माणसानें नोटीस दिल्यावाचून काम सोडणें किंवा परवानगीवाचून गैरहजर राहणें हा गुन्हा ठरवला. गिरणींतल्या कामगाराला रविवार मिळाला, आणि शहराची घाण उपसणाऱ्याला तुरुंगाचा धाक मिळाला! रजेचा प्रश्न आपल्या माणसांना किती महाग पडला आहे तें यावरून ओळखा.

आतां आजचे नियम पाहूं.

जो कायम नोकर आहे त्याच्या रजेचे नियम छापील असतात. मुंबईसारख्या मोठ्या महानगरपालिकेचे नियम स्वतःचे आहेत. पुष्कळ नगरपालिका राज्य सरकारच्या १९८१ सालच्या रजा नियमांप्रमाणें चालतात. त्या नियमांत वर्षाला ३० दिवस अर्जित रजा आहे. १ जानेवारीस १५ आणि १ जुलैस १५ अशी ती खात्यावर जमा होते. २० दिवस अर्धपगारी रजा निराळी. आजारपणांत डॉक्टरच्या दाखल्यावर अर्धपगारी दोन दिवस देऊन पूर्ण पगाराचा एक दिवस घेतां येतो. किरकोळ रजा याहून वेगळी. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते, आणि निवृत्त होतांना तिचे पैसे मिळतात. नोकरींत असतां माणूस वारला तर त्या शिल्लक रजेचा पगार त्याच्या वारसांना मिळतो. बायांनो, ही गोष्ट पदराला गांठ मारून ठेवा. नवऱ्याच्या मागें फंड आणि पेन्शन विचारणाऱ्या पुष्कळ आहेत, शिल्लक रजेचे पैसे विचारणारी एखादीच.

रजा केव्हां द्यावी हें वरिष्ठाच्या हातीं असतें. कामाची निकड असली तर तो नाकारूं शकतो, हेंही नियमांतच आहे. पण तुम्ही ज्या प्रकारची रजा मागितली तो प्रकार तुमच्या लेखी विनंतीवांचून बदलणें त्याच्या हातीं नाहीं, आणि साठलेली रजा पुसून टाकणेंही त्याच्या हातीं नाहीं. साहेबाच्या मर्जीला नियमानें कुंपण घातलेलें आहे, तें कुंपण कोठें आहे तें माहीत असावें.

आतां आपल्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. मृग बरसला कीं आपला माणूस पेरणीला गांवीं जातो. मुकादमाच्या कानांत सांगतो, "आठ दिवसांत येतों," आणि गाडींत बसतो. हजेरीबुकांत मात्र "विनापरवाना गैरहजर" असा शेरा पडतो. आठाचे पंधरा दिवस होतात, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, आणि दहा वर्षांची नोकरी एका पेरणीपायीं धोक्यांत येते. ज्याच्या खात्यावर ३० दिवस रजा आहे त्यानें चोरून कां जावें? वैशाखांतच अर्ज टाका, दोन प्रती करा, एकीवर पोंच घ्या. तोंडी रजा ही रजाच नव्हे. मुकादम बदलतो, आणि बदलला नाहीं तरी त्याची आठवण बदलते.

बाळंतपणाच्या रजेचा नियम १९६१ च्या कायद्यांत होता. २०१७ सालीं ती रजा २६ आठवडे झाली. दोन मुलें असलेल्या बाईस १२ आठवडे. मागल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलें असावें एवढीच अट. ही रजा भरपगारी आहे, आणि कंत्राटदाराकडच्या बाईलाही आहे. पोटुशी बाई टोपली उचलते आणि बाळंतपणासाठीं काम सोडून जाते, तेव्हां ती आपला सहा महिन्यांचा पगार कंत्राटदाराला दान करून जाते.

आतां नुकसानभरपाई. हिंदुस्थानांत कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यांत मेलेल्या प्रौढ कामगाराच्या जिवाची किंमत ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांत जी कमी असेल ती, अशी होती. रक्कम थोडी होती, पण तत्त्व मोठें होतें. चूक कोणाची हें सिद्ध करण्याची गरज नाहीं. अपघात नोकरीमुळें व नोकरी करीत असतां झाला एवढें दाखवलें कीं मालक बांधला गेला. भटजींनीं मागला जन्म दाखवला, मालकानें कामगाराची बेपर्वाई दाखवली, आणि कायद्यानें दोघांनाही विचारलें कीं काम कोणाचें चाललें होतें?

२००९ सालीं या कायद्याची मोठी दुरुस्ती झाली. पुढें तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेतला गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. तत्त्व तेंच राहिलें. हिशेब असा आहे. कामगार वारला तर महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला वयाच्या आंकड्यानें गुणावयाचें. कायमचा पूर्ण अपंग झाला तर शेंकडा ६० नें धरावयाचें. चाळीस वर्षांच्या वयाला आंकडा १८४.१७ आहे. पगार १५,००० धरला तर निम्मे ७,५००, आणि गुणाकार १३,८१,२७५ रुपये. पंचवीस वर्षांच्या पोराचा आंकडा २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. पूर्ण अपंगत्वाला त्याच चाळीस वर्षांच्या माणसाचे १६,५७,५३० रुपये होतात. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर त्याचे शेंकडा ४०, म्हणजे ६,६३,०१२ रुपये. उजवा असो डावा असो, अंगठा गेला तर शेंकडा ३०. हिशेबासाठीं धरावयाचा पगार १५,००० पर्यंत, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनें ठरली होती. दावा लावतेवेळीं चालू मर्यादा कोणती तें युनियननें पाहून घ्यावें.

माणूस कांहीं महिन्यांनीं बरा होण्यासारखा असेल तर दर पंधरवड्यास महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे अर्धा पगार. लोखंड्यांनीं १८८४ सालीं पूर्ण पगार मागितला होता. एकशेंचाळीस वर्षांनीं आपण अर्ध्यावर आहोंत. हें अपुरें आहे असें युनियननें उघड म्हणावें. परंतु अपुरें म्हणून सोडून देऊं नये.

येथें एक लबाडी ओळखून ठेवा. कायम नोकराला कामावर मार लागला कीं कचेरींत सांगतात, "दोन महिन्यांची अर्जित रजा टाक, पगार चालू राहील." तो बिचारा खुशींत अंगठा करतो. त्यानें काय केलें? कामानें मोडलेल्या हाडाची किंमत स्वतःच्या विसांव्यांतून फेडली. ३०० दिवसांच्या शिदोरींतले साठ दिवस गेले, आणि कागदावर अपघात झालाच नाहीं असें ठरलें. १९८१ च्या नियमांत कामावर झालेल्या दुखापतीसाठीं विशेष विकलांगता रजा निराळी आहे. ती आपल्या रजाखात्यांतून वजा होत नाहीं. लेखी मागा. "कामावरील अपघात" हे दोन शब्द अर्जांत लिहिल्याशिवाय अर्ज देऊं नका. नुसतें "आजारी" लिहिलें कीं दावा बुडाला.

आतां कंत्राटी माणसाकडे वळतों, कारण खरी लूट तेथें आहे. म्युनिसिपालिटी म्हणते, हा आमचा माणूस नव्हे, कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणतो, हा चार दिवस आलेला बिगारी, याचें नांव माझ्या मस्टरवर नाहीं. रस्ता म्युनिसिपालिटीचा, कचरा म्युनिसिपालिटीचा, गाडीवर नांव म्युनिसिपालिटीचें. फक्त मेलेला माणूस कोणाचाच नाहीं! कायदा हें ऐकून घेत नाहीं. आपलें नेहमींचें काम जो कंत्राटानें करवून घेतो त्या मूळ मालकाकडून नुकसानभरपाई मागतां येते. तिनें ती भरावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करून घ्यावी. हा नियम १९२३ पासून आहे. ज्यांच्या पगारांतून राज्य विमा योजनेचा हप्ता कापला जातो त्यांनीं मात्र विम्याच्या कचेरींत जावें. तेथें कामावरच्या अपघाताबद्दल सुमारें शेंकडा ९० पगार मिळतो, आणि वारल्यास कुटुंबाला दरमहा पैसे मिळतात. एकाच अपघाताचे दोन्हीकडून मिळत नाहींत. कंत्राटदार हप्ता कापतो पण भरतो काय, हें दर सहा महिन्यांनीं तपासा. कंत्राटी माणसाला भरपगारी रजाही आहे. २०२५ पासून लागू झालेल्या संहितेनें वर्षांत १८० दिवस काम केलेल्या कामगारास दर २० दिवसांमागें एक दिवस रजा ठेवली आहे. जुन्या फॅक्टरी कायद्यांत हीच अट २४० दिवसांची होती.

कंत्राटाविरुद्ध जिंकतां येत नाहीं असें कोणी म्हटलें तर त्याला मुंबईच्या कचरा वाहणाऱ्या कामगारांची गोष्ट सांगा. कचरा वाहतूक श्रमिक संघानें २,७०० कंत्राटी कामगारांचा दावा चालवला. २०१४ सालीं औद्योगिक न्यायाधिकरणानें ते महानगरपालिकेचेच कामगार आहेत असा निकाल दिला, आणि एप्रिल २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. वर्षानुवर्षें टिकून राहिलेल्या माणसांनीं हें केलें. एकट्या माणसानें कंत्राटदाराच्या दारांत उभें राहून हें झालें नसतें.

गटारांत उतरण्याविषयीं तर माझें सांगणें सरळ आहे: उतरूं नका. साधनांवांचून माणसाला मैल्याच्या टाकींत वा गटारांत उतरवणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तरी माणसें उतरवलीं जातात आणि गुदमरून मरतात. अशा मरणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं १० लाख रुपये ठरवले, आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजीं ती रक्कम ३० लाख केली. कायमच्या अपंगत्वास किमान २० लाख. पण लक्षांत ठेवा, आंत एक बेशुद्ध पडला कीं त्याला काढायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. तीस लाखांनीं घरांत बाप परत येत नाहीं. मुकादमानें पांचशें रुपये जास्त दाखवले तर त्यालाच आधीं उतरायला सांगा.

आतां घरच्या माणसांनीं काय करावें तें मोजक्या शब्दांत सांगतों.

अपघात झाला कीं त्याच दिवशीं खात्याला लेखी कळवा. लिहितां येत नसेल तर शिकलेल्या पोराकडून लिहवून घ्या. दवाखान्यांत केसपेपर करतांना "कामावर असतां" हे शब्द लिहवून घ्या. दारूचा वास असल्याची नोंद खोटी होत असेल तर तेथेंच हरकत घ्या. आणि नोंद खरी होऊं नये म्हणून कामावर दारू पिऊं नका. कारण दारूच्या नशेंत झालेल्या दुखापतीला, मृत्यु वा कायमचें पूर्ण अपंगत्व सोडल्यास, भरपाई नाहीं. दावा दोन वर्षांच्या आंत लागला पाहिजे. देणें लागू झाल्यापासून महिन्याच्या आंत मालकानें पैसे भरावेत. न भरल्यास शेंकडा १२ व्याज, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊं शकतो.

मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते. कंत्राटदार तिसऱ्या दिवशीं पन्नास हजार घेऊन दारांत येतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. त्याचे पैसे मदत म्हणून घ्यावेसे वाटले तर घ्या, पण कागदावर अंगठा देऊं नका. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यांत टिकत नाहीं, तरी बाईला वर्षानुवर्षें कोर्टांत फिरवायला तो पुरतो. आणखी एक: भरपाईची रक्कम सावकाराला किंवा दुसऱ्या कोणत्याही धनकोला जप्त करतां येत नाहीं. ती विधवेची आणि लेकरांची आहे, दिराची नाहीं, भाऊबंदांचीही नाहीं.

हा पैसा हातीं आला कीं आपल्याकडे काय होतें? दहावें, तेरावें, पंचपक्वान्नांचें जेवण, भटाला दान. ज्या माणसाला हयातींत रजेच्या दिवशीं पोटभर भात मिळाला नाहीं त्याच्या नांवानें गांव जेवतो! बायांनो, तो पैसा पोरांच्या शाळेचा आहे. ज्याला मेलेल्याची आठवण ठेवावयाची असेल त्यानें त्याच्या मुलीची फी भरावी.

शेवटीं युनियनविषयीं. युनियन म्हणजे वर्गणी आणि संपाचा दिवस एवढेंच नव्हे. प्रत्येक चौकींत एक असा माणूस हवा कीं ज्याच्यापाशीं रजेचे नियम मराठींत लिहिलेले आहेत, अपघाताच्या अर्जाचा नमुना आहे, आणि जो रात्रीं दवाखान्यांत धांवून येतो. युनियनचा पुढारी जर मुकादमाशीं वांटा घेत असेल तर त्याला आपल्याच सभेंत उभा करून विचारा; आपला जातवाला आहे म्हणून झांकूं नका. कायम आणि कंत्राटी असा भेद मालकानें पाडला आहे. कायम कामगारानें कंत्राटी भावाला सभासद करून घेतल्याशिवाय तो मोडणार नाहीं. आज कंत्राटी माणसाची रजा बुडते, उद्यां त्याचाच दाखला देऊन तुमची कापतील.

आतां घरीं गेल्यावर एवढेंच करा. घरांतल्या कमावत्या माणसाला विचारा: तुझ्या खात्यावर किती दिवस रजा आहे? तुझें नांव कोणाच्या मस्टरवर आहे? विम्याचा नंबर काय? वारस म्हणून कोणाचें नांव लावलें आहेस? या चार प्रश्नांचीं उत्तरें एका वहींत लिहून ती वही घरच्या बाईच्या हातीं द्या. ज्या घरांत अशी वही आहे त्या घराला साहेबाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागणार नाहीं.